छोट्या हेलिकॉप्टरला मोटर कोणती?

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की एक प्रश्न हमखास कानावर येतो. "सर, रेडिओवर चालणारे हेलिकॉप्टर करायचे आहे. सगळ्यात जोरदार मोटर कोणती घ्यावी?" प्रश्न साधा दिसतो, पण त्यातला 'जोरदार' हा शब्द मोठा फसवा आहे. जोरदार म्हणजे वेगाने फिरणारी, की भार ओढणारी? हे ठरवल्याशिवाय दुकानात गेलात तर दुकानदार जी महागडी देईल ती घेऊन याल, आणि ती मोटर दुसऱ्या-तिसऱ्या उड्डाणातच जळेल.

खरे म्हणजे मोटर सगळ्यात शेवटी निवडायची असते. सुरुवात करायची ती वरच्या मोठ्या चक्रापासून.

छताच्या पंख्याखाली उभे राहिलात की हवा खाली ढकलली जात असल्याचे जाणवते. हेलिकॉप्टरचे चक्र तेच करते. हवा खाली ढकलायची, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे तिच्याकडून वरचा रेटा मिळवायचा. समजा, आपल्या नमुन्याचे वस्तुमान बॅटरीसकट ८०० ग्रॅम आहे आणि चक्राचा व्यास ७० सेंटिमीटर. वजन झाले सुमारे ७.८ न्यूटन आणि चक्राने व्यापलेले क्षेत्रफळ ०.३८५ चौरस मीटर. हवेची घनता दर घनमीटरला १.१ किलोग्रॅम धरू. अधांतरी स्थिर राहण्यासाठी चक्रातून हवा किती वेगाने खाली गेली पाहिजे, हे काढण्याची रीत सोपी आहे. वजनाला घनतेच्या व क्षेत्रफळाच्या गुणाकाराच्या दुपटीने भागा आणि वर्गमूळ घ्या. उत्तर येते सेकंदाला सुमारे ३ मीटर. या वेगाला वजनाने गुणले की शक्ती मिळते, सुमारे २४ वॅट.

फक्त २४ वॅट! घरातला दिवासुद्धा कधी कधी याहून जास्त खातो. पण हे आदर्श चक्राचे गणित झाले. प्रत्यक्षात पाती हवेशी घासतात, टोकाशी भोवरे होतात, आणि एवढ्या लहान चक्राला आदर्श शक्तीच्या अडीचपट, म्हणजे ६० वॅट लागतात असे धरणे बरे. शेपटीचे चक्र आणि दंतचक्रांतील घर्षण मिळून ७२ वॅट. मोटर व तिचा गतिनियंत्रक यांतही काही ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, तेव्हा बॅटरीतून १०० वॅट निघतील असा हिशेब ठेवा. लिथियमचे तीन घट एकसरीत जोडले की ११.१ व्होल्ट मिळतात. म्हणजे प्रवाह झाला ९ अँपिअर.

येथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण मुले नेमकी उलटे करतात. जागा वाचावी म्हणून चक्र लहान करू नका. वजन तेच ठेवून व्यास निम्मा केलात तर वरच्या गणिताप्रमाणे शक्ती दुप्पट लागते. स्वतः आकडे घालून पाहा.

आता वेग. या आकाराचे चक्र मिनिटाला सुमारे २,६०० फेरे घेते. मोटरीच्या वेष्टनावर एक आकडा छापलेला असतो, त्याच्यापुढे 'केव्ही' लिहिलेले असते. हा किलोव्होल्ट नव्हे! दर व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे घेईल, हे तो सांगतो. असे का होते? मोटर फिरू लागली की ती त्याच वेळी डायनामोही असते. तिच्या वेटोळ्यांत उलट विद्युतदाब निर्माण होतो आणि तो वेगाच्या प्रमाणात वाढतो. हा उलटा दाब बॅटरीच्या दाबाच्या जवळ पोचला की मोटर आणखी वेग घेऊ शकत नाही. ३,५०० केव्हीची मोटर ११.१ व्होल्टवर रिकामी फिरवली तर मिनिटाला सुमारे ३८,८०० फेरे घेईल. भार आल्यावर ३३,००० धरा. चक्राला हवेत २,६००. मध्ये दंतचक्रांची जोडी हवी, मोटरीवर १२ दात व मोठ्या चाकावर १५०. वेग साडेबारा पटीने उतरतो आणि २,६४० मिळतात. हिशेब जुळला.

मग विद्यार्थी विचारतो, "दंतचक्रे कशाला? मोटर सरळ चक्रालाच बसवली तर?" बसवून पाहू या, अर्थात कागदावर. २,६४० फेऱ्यांना ७२ वॅट द्यायचे तर आसावर ०.२६ न्यूटन-मीटर पीळ लागतो. मोटर दर अँपिअरला किती पीळ देते? ९.५५ ला केव्हीने भागा. आपल्या मोटरीचे उत्तर ०.००२७ येते. म्हणजे केवळ अधांतरी राहायला सुमारे ९५ अँपिअर! मोटरीतून धूर निघेल. दंतचक्रांमुळे मोटरीवरचा पीळ साडेबारा पटीने कमी होऊन साडेसात अँपिअरवर येतो, आणि रिकामी फिरायला लागणारा दीड अँपिअर मिळवला की पुन्हा तेच ९ येतात. दोन वेगळ्या वाटांनी एकाच आकड्यावर आलो. केव्ही जास्त म्हणजे मोटर जोरदार, हा समज किती चुकीचा आहे ते आता लक्षात येईल. जितका केव्ही जास्त, तितका दर अँपिअरला पीळ कमी.

ड्रोनला मात्र दंतचक्रे दिसत नाहीत. २००९ सालच्या 'थ्री इडियट्स' चित्रपटात चार चक्रांचे उडते यंत्र तुम्ही पाहिले असेल. ते आयडियाफोर्ज या कंपनीचे होते. मुंबईच्या आयआयटीतून शिकलेल्या तरुणांनी ती २००७ साली काढली. अशा यंत्रात प्रत्येक चक्र लहान, वेग जास्त आणि वाट्याला वजन फक्त पावपट. शिवाय तोल सांभाळण्यासाठी प्रत्येक मोटरीचा वेग क्षणोक्षणी बदलावा लागतो, तिथे दातांमधली फट चालत नाही. म्हणून बाहेरचे कवच फिरणारी, रुंद आणि कमी केव्हीची मोटर सरळ चक्राला जोडतात. आपल्या हेलिकॉप्टरात चक्राचा वेग जवळजवळ कायम असतो, बदलतो तो पात्यांचा कोन.

आता नागपूरकरांसाठी महत्त्वाचे. डिसेंबरच्या सकाळी १० अंश तापमानाला आपल्याकडे हवेची घनता सुमारे १.२ असते. मे महिन्यात ४५ अंशांना ती १.०७ पर्यंत उतरते. हवा विरळ झाली की लागणारी शक्ती सहा टक्क्यांनी वाढते. एवढ्याने बिघडत नाही. खरा घात उष्णतेचा. वेटोळ्यात तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. रोध ०.०३ ओहम असेल तर ९ अँपिअरला अडीच वॅटसुद्धा होत नाहीत, पण जोराने वर चढताना प्रवाह तिप्पट झाला की २२ वॅट. तांबे तापले की त्याचा रोधही वाढतो, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. समजा, मोटर भोवतालच्या हवेपेक्षा ५० अंशांनी जास्त तापते. डिसेंबरात ती ६० अंशांवर राहील, मे महिन्यात ९५ वर! साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे आपले चुंबकत्व गमावू लागतात, आणि थंड झाल्यावर ते सगळे परत येत नाही. गंमत अशी की चुंबक दुबळा झाला की मोटर टेबलावर रिकामी जास्त वेगाने फिरते. विद्यार्थी खूश होतो, "सर, मोटर सुधारली!" ती सुधारलेली नसते. तेवढ्याच पिळासाठी ती आता जास्त प्रवाह ओढणार आणि आणखी तापणार.

ऋतूप्रमाणे हवा बदलते ही अडचण फक्त आपलीच नाही. मंगळावर १९ एप्रिल २०२१ रोजी उडालेले १.८ किलोग्रॅमचे 'इन्जेन्युइटी' हेलिकॉप्टर १.२ मीटर व्यासाच्या चक्रांवर उडत असे. तिथली हवा आपल्या हवेच्या जेमतेम एक टक्का दाट. पहिल्या उड्डाणांत चक्रे मिनिटाला सुमारे २,५३७ फेरे घेत. पुढे ऋतू बदलून हवा आणखी विरळ झाली, तेव्हा ऑक्टोबर २०२१ मध्ये वेग २,७०० वर न्यावा लागला. मोटरीत तेवढी शिल्लक आधीच ठेवलेली होती, म्हणून ते जमले. ते यंत्र जानेवारी २०२४ पर्यंत ७२ वेळा उडाले.

तेव्हा हिशेब मे महिन्याचा करा. ९ अँपिअर सतत लागत असतील तर जी मोटर २५–३० अँपिअर काही सेकंद सहन करते ती घ्या, आणि गतिनियंत्रक ४० अँपिअरचा. २,२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी कागदावर चौदा मिनिटे पुरते, प्रत्यक्षात सात-आठ मिनिटांत उतरवा.

पहिली चाचणी घरात घ्यायची तर पाती काढून ठेवा. पात्यांची टोके सेकंदाला ९७ मीटर, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटरने फिरतात. त्यांच्या पातळीत कुणाचे डोके येता कामा नये. उड्डाण मोकळ्या मैदानात, शिक्षकांसमोर. सोनेगावचा विमानतळ शहराला लागूनच आहे, म्हणून २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे आपले मैदान कोणत्या पट्ट्यात येते ते सरकारी नकाशावर आधी पाहा.

दोन मिनिटे उडवून खाली उतरवा, बॅटरी सोडवा आणि मोटरीला बोट लावा. तीन सेकंद टेकवता आले तर ठीक. चटका बसत असेल तर नवी मोटर घ्यायला धावू नका. १२ दातांऐवजी ११ दातांचे लहान चाक बसवा आणि दातांची पकड पुन्हा जुळवा. चक्राचा वेग २,४०० च्या आसपास येईल, पात्यांचे घासणे बरेच कमी होईल. मग पुन्हा दोन मिनिटे उडवा आणि बोट लावून पाहा.