नागीण आणि गेरूची रेघ

आमच्या चाकूरला कुणाच्या अंगावर नागीण उठली की ती बातमी आधी दवाखान्यात जात नाही, शेजारी जाते. मग चौकशी सुरू होते. कुठून निघाली, कुठवर आली, जणू कुणी पाहुणा एसटीनं येतोय. आणि शेवटचा प्रश्न ठरलेला असतो, "तोंडाला तोंड तर लागलं नाही ना?"

काही वर्षांपूर्वी भर मे महिन्यात हा प्रश्न मला विचारला गेला. डाव्या बरगडीखाली दोन दिवस ठणकत होतं. आधी गॅस वाटला, मग हृदयाची भीती वाटली. तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना पाहिलं, तर पाठीकडून पोटाकडे लाल पट्टा आलेला आणि त्यावर ज्वारीच्या दाण्यांएवढे पाण्यानं भरलेले फोड. अम्मीनं नुसतं बघितलं आणि म्हणाली, "नागीन है बेटा. आग लगेगी, पन खुजाना मत." दोन्ही वाक्यं तंतोतंत खरी होती.

शेजारच्या काकू दुर्वा आणि तांदूळ वाटून वाटी घेऊन आल्या. अम्मीनं चंदन उगाळलं. आणि जवळच्या एका खेड्यातल्या जाणकाराकडे मला नेण्यात आलं. त्यानं काहीतरी पुटपुटत फोडांच्या दोन्ही टोकांना गेरूची एकेक रेघ ओढली, नागिणीची तोंडं बांधली आणि बजावलं, "डॉक्टरची गोळी घेऊ नका, आत शिरते." मी बी.ए. झालेला, अंधश्रद्धेवर कविता लिहिणारा माणूस, सदरा काढून निमूट बसलो होतो. माणसाला आग लागली की तो पदवी बघत नाही.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, "भाई, पुरळ दिसलं त्याच दिवशी यायला पाहिजे होतं." तीन आठवड्यांत खपल्या पडल्या, पण वेदना आठ महिने राहिली. पंख्याचा वारा लागला तरी चटका बसायचा. सदऱ्याचं कापड अंगाला टेकू नये म्हणून मी चिमटीत धरून चालायचो.

त्या आठ महिन्यांत वाचायला भरपूर वेळ होता. तेव्हा जे कळलं ते असं.

नागीण बाहेरून येत नाही. लहानपणी कांजण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्यालगत मज्जातंतूंची मुळं असतात, तिथं तो दडून बसतो, चाळीस चाळीस, पन्नास पन्नास वर्षं. वय झालं, मधुमेह असला, कर्करोगाचे उपचार किंवा स्टिरॉइड चालू असली, एखाद्या आजारानं शरीर खचलं, की पहारा ढिला पडतो आणि तो जागा होतो. मग त्याच तंतूच्या वाटेनं सरकत कातडीपर्यंत येतो. म्हणून फोडांच्या आधी ठणका लागतो आणि म्हणून पट्टा उमटतो. ही गोष्ट नीट जुळवून मांडली ती इंग्लंडमधल्या सिरेन्सेस्टर या छोट्या गावातल्या एका साध्या डॉक्टरनं, एडगर होप-सिम्पसन यांनी. आपल्याच रुग्णांच्या सोळा वर्षांच्या नोंदी ठेवून त्यांनी १९६५ साली हा विचार प्रसिद्ध केला. मोठी प्रयोगशाळा नाही, गावचा दवाखाना आणि एक वही. आपल्याकडच्या तालुक्याच्या डॉक्टरांनी हे नाव लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

आता तोंडाला तोंड लागण्याची भानगड. मज्जातंतू कण्यातून जोडीनं निघतात, एक डावा, एक उजवा, आणि प्रत्येक जण आपापल्या अर्ध्या अंगाची राखण करतो. विषाणू जागा होतो तो साधारणतः एकाच बाजूच्या तंतूत. त्यामुळे फोड पुढं बेंबीच्या रेषेपाशी आणि मागं मणक्यापाशी येऊन थांबतात. पलीकडे जायला त्यांना रस्ताच नसतो. आमच्या जाणकाराची रेघ कधी हरत नाही, याचं रहस्य हेच. जिथं नागीण आपण होऊन थांबणार, तिथंच तो रेघ ओढतो. आणि चुकून दोन्ही बाजूंना फोड उठलेच, तर त्यानं माणूस मरतो हेही खोटं. मात्र अंगभर फोड पसरू लागले, तर प्रतिकारशक्ती फार खालावल्याची ती खूण असू शकते. तेव्हा रेघ नाही, रुग्णालय गाठायचं.

मी शब्दांचा माणूस, म्हणून थोडं विषयांतर. सीमेपलीकडे कन्नडमध्ये हिला सर्पसुत्तु म्हणतात, म्हणजे सापाचा वेढा. आयुर्वेदात सरपटत पसरणाऱ्या त्वचारोगाला विसर्प हे नाव आहे. अरबीत ती आगीचा पट्टा होते आणि नॉर्वेत तर चक्क नरकाची आग. ज्यानं त्यानं आपापल्या भीतीनं नाव ठेवलं. आपल्या नावात साप आला म्हणून आपल्याकडे मांत्रिक आला. नाव आगीचं असतं तर कदाचित आपण आधी पाणी शोधलं असतं.

आणि पाणी हाच घरच्या उपायांपैकी सर्वांत कामाचा. उकळून माठात निववलेलं पाणी घ्यावं. स्वच्छ सुती कापड त्यात भिजवून, पिळून, फोडांवर पंधरा-वीस मिनिटं ठेवावं. दिवसातून चार-पाच वेळा. खाज आणि आग दोन्ही बसतात. कापड प्रत्येक वेळी धुऊन वाळवावं आणि ते दुसऱ्या कुणी वापरू नये. बर्फ थेट लावू नये, त्यानं दुखणं वाढतं. काकूंच्या दुर्वांच्या लेपानं मला बरं वाटलं होतं, ते खोटं नव्हतं. ओला लेप गार लागतो, आराम त्या गारव्याचा असतो. पण पाट्यावर वाटलेलं गवत फुटलेल्या फोडांवर गेलं की जखम चिघळू शकते, लेप वाळला की कातडी ओढतो आणि काढताना खपली निघते. तोच गारवा ओल्या कापडानं मिळत असेल तर लेप कशाला? गेरूचंही तसंच. शिवाय त्याखाली पुरळ झाकून जातं आणि डॉक्टरला दिसत नाही.

परदेशी पुस्तकांत ओटचं पीठ घातलेल्या कोमट पाण्याच्या टबात बसा असं लिहिलेलं असतं. २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला टब सांगणं जरा अवघडच. बादलीभर गार पाण्यानं, अंग न घासता, हळू आंघोळ केली तरी चालतं. अंग टिपून कोरडं करावं. आंघोळच करायची नाही हा समज चुकीचा, स्वच्छता ठेवलीच पाहिजे. कडुलिंबाचा पाला उकळून निवलेलं पाणी आंघोळीला घेतलं तर हरकत नाही, पण त्यानं विषाणू मरेल या भरवशावर राहू नये. औषधाच्या दुकानात गुलाबी कॅलामाइन लोशन मिळतं, खाजेवर ते चांगलं, मात्र उघड्या जखमेवर नको. नखं कापावीत. अम्मीच्या जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती दुपट्ट्यानं माझी जी सोय केली ती कुठल्या मलमानं केली नाही. तो सैल गुंडाळला की सदरा टोचत नसे. चुना, रॉकेल, लसूण, बॅटरीची काळी पूड यांपैकी काहीही लावू नये, कातडी भाजते. आणि पथ्याच्या नावाखाली दूध, अंडी, मटण बंद करू नये. अंगात ताकद हवी असते तेव्हाच आपण माणसाला उपाशी ठेवतो.

फोडांतल्या पाण्यानं दुसऱ्याला नागीण होत नाही, पण ज्याला कांजण्या आलेल्या नाहीत त्याला कांजण्या होऊ शकतात. म्हणून खपल्या धरेपर्यंत फोड झाकून ठेवावेत. तान्ही बाळं आणि कांजण्या न आलेल्या गरोदर बाया यांच्यापासून दूर राहावं.

हे सगळं आगीवर पाणी आहे. आगीच्या मुळाशी जातं ते औषध वेगळं. असायक्लोव्हिर आणि त्याच्या जातीतल्या गोळ्या पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर विषाणूची वाढ रोखतात, फोड लवकर वाळतात, दुखणं हलकं होतं. असायक्लोव्हिर हे ज्यांच्या संशोधनाचं फळ, त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल मिळालं. गोळ्या साधारण आठवडाभर घ्यायच्या असतात आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टर मात्रा बदलतात, म्हणून दुकानातून परस्पर आणू नयेत. गोळीनं नागीण आत शिरत नाही. ती आतूनच आलेली असते. तीन दिवस उलटून गेले असले तरी जाऊन दाखवावं. नवे फोड येत असतील तर तेव्हाही औषध देतात. फोड गेल्यावर महिनोन्‌महिने राहणाऱ्या वेदनेवरही वेगळ्या गोळ्या आहेत. मला त्यांनीच झोप दिली.

कपाळावर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर एक दिवसही थांबू नये, दृष्टी जाऊ शकते. कानात फोड येऊन तोंड वाकडं झालं तरी तेच. पन्नाशीनंतर घ्यायची लसही २०२३ पासून भारतात मिळते. दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस घ्यावे लागतात. महाग आहे. ज्याला परवडते त्यानं डॉक्टरांना विचारावं.

गेल्या पावसाळ्यात उदगीरहून माझ्या बाजीचा फोन आला. पाठीवर दाणे आलेत, आग होतेय. मी विचारलं, "कब से?" म्हणाली, "कल शाम से." मी म्हटलं, आत्ता उठ आणि दवाखान्यात जा, माठाचं पाणी आल्यावर. तिनं जरा थांबून विचारलं, "और गेरू?"

"घर में है तो कुंडियों को लगा," मी म्हणालो.