दुपारी एक वाजता कॉल्टन हिलवर

आज आपण स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरातल्या एका टेकडीवर जाणार आहोत. कॉल्टन हिल तिचं नाव.

या टेकडीवर मी पहिल्यांदा गेलो तो सहलीच्या गटाबरोबर. मार्गदर्शकाने खालीच सांगून टाकलं, वर ग्रीक पद्धतीचे खांब आहेत, फोटो काढा आणि पंचवीस मिनिटांत परत या. आम्ही धापा टाकत वर गेलो, खांबांसमोर उभं राहून फोटो काढले, वाऱ्याने उडणाऱ्या टोप्या धरल्या आणि खाली आलो. बसमध्ये शेजारच्या काकूंनी विचारलं, "ते देऊळ पडलं कशानं हो?" मला काही सांगता आलं नाही. नंतर कळलं की ते देऊळ नव्हतं, आणि पडलेलंही नव्हतं. ते कधी पूर्णच झालं नव्हतं. मनाला जरा लागलं, म्हणून काही वर्षांनी पुन्हा त्या शहरात जाण्याचा योग आला तेव्हा एकटाच गेलो. सकाळी साडेअकराला चढलो आणि उतरलो तेव्हा चार वाजून गेले होते. आजची गोष्ट त्या दुसऱ्या फेरीची.

जाणं अगदी सोपं आहे. वेव्हर्ली रेल्वे स्टेशनातून बाहेर पडायचं, प्रिन्सेस स्ट्रीटच्या पूर्व टोकाला यायचं आणि वॉटर्लू प्लेस रस्त्याने थोडं पुढे गेलं की डाव्या हाताला दगडी पायऱ्या लागतात. टेकडीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे शंभर मीटर. आपल्याकडच्या गडांवर जाणाऱ्यांना हा चढ म्हणजे काहीच नाही. तिकीट नाही, फाटकही नाही. दगड ज्वालामुखीचा, सुमारे ३४ कोटी वर्षांपूर्वीचा. समोर दिसणारा आर्थर्स सीट हा मोठा डोंगर आणि ही टेकडी एकाच ज्वालामुखीची लेकरं. आपल्या सह्याद्रीचा काळा दगडही ज्वालामुखीचाच, पण वयाने या दगडापेक्षा कितीतरी लहान.

ही टेकडी शहराच्या नगरपालिकेने १७२४ साली विकत घेतली. त्या काळी मोकळी टेकडी राजाची नाहीतर जमीनदाराची असायची. लोकांनी नुसतं फिरायला यावं म्हणून नगरपालिकेने ती राखावी, ही कल्पना नवीच होती. म्हणूनच ब्रिटनमधल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक उद्यानांत तिची गणना होते. पुढे १७७५ च्या सुमारास डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने नगरपालिकेकडे मागणी केली, की लोकांच्या आरोग्यासाठी आणि विरंगुळ्यासाठी इथे फिरायची वाट करा. ती वाट झाली आणि आजही तिला ह्यूम वॉक म्हणतात. ज्याच्या ग्रंथांनी अख्ख्या युरोपातल्या विचारवंतांची झोप उडवली, त्या माणसाने आपल्या गावात फिरायला एक पायवाट मागितली, हे मला फार आवडतं. त्याची कबरही जवळच, त्याच रस्त्याच्या दुसऱ्या अंगाच्या जुन्या दफनभूमीत आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. टेकडीवर पोचायची वेळ. सगळे सांगतात सूर्यास्ताला जा. जरूर जा. पण माझं ऐकाल तर एकदा दुपारी साडेबाराला वर असा.

टेकडीच्या माथ्यावर एक उंच गोल मनोरा आहे, बत्तीस मीटरचा. उलटी उभी केलेली दुर्बीण दिसते तसा. ट्रफाल्गरच्या लढाईत १८०५ साली मारला गेलेला नौसेनापती नेल्सन, त्याचं हे स्मारक. त्याच्या टोकावर एक दांडा आणि दांड्यावर मोठा गोळा आहे. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला चार्ल्स पियाझी स्मिथ या राजखगोलज्ञाने तो बसवून घेतला. एक वाजायच्या काही मिनिटं आधी गोळा वर चढतो आणि बरोबर एकच्या ठोक्याला खाली पडतो.

हा खटाटोप कशासाठी? खाली पाहिलं की उत्तर दिसतं. उत्तरेला लीथ बंदर आहे, त्यापलीकडे समुद्राची रुंद खाडी. बंदरातली जहाजं जगभर जायची. भर समुद्रात आपण पूर्व-पश्चिम नेमके कुठे आहोत, म्हणजे आपलं रेखांश काय, हे कळायला जहाजावर अचूक घड्याळ लागतं. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. हिशेब केला तर चार सेकंदांत एक मिनिट रेखांश. विषुववृत्ताजवळ हे अंतर होतं १.८५ किलोमीटर, म्हणजे एक सागरी मैल. घड्याळ दहा सेकंद चुकलं की नकाशावर तुम्ही साडेचार किलोमीटर सरकलात. रात्रीच्या अंधारात, खडकाळ किनाऱ्याजवळ, एवढी चूक जहाज बुडवायला पुरेशी असते.

म्हणून बंदर सोडण्याआधी कप्तान टेकडीकडे दुर्बीण लावून बसायचा. गोळा सुटला की घड्याळ ताडून बघायचं. गोळ्याला वेळ कोण सांगायचं? शेजारचीच वेधशाळा. विल्यम प्लेफेअर या वास्तुकाराने तिची इमारत १८१८ साली आखली. तिथे रात्री ठरावीक तारे डोक्यावरची मध्यान्हरेषा ओलांडताना पाहायचे आणि त्यावरून घड्याळ जुळवायचं. रात्री ताऱ्याने सांगितलेली वेळ दुसऱ्या दिवशी गोळ्यामार्फत जहाजावर पोचायची.

पण हे गाव धुक्याचं. समुद्रावरून दाट धुकं आलं की टेकडीच दिसत नाही, मग गोळा कसला दिसणार? म्हणून १८६१ साली समोरच्या किल्ल्यावरून एक वाजता तोफ उडवायला सुरुवात झाली. वेधशाळेच्या घड्याळापासून किल्ल्यापर्यंत सव्वा किलोमीटरची तार शहराच्या डोक्यावरून ओढली होती. विजेच्या इशाऱ्यावर तोफ उडायची.

आता गंमत बघा. उजेड लगेच पोचतो, आवाजाला वेळ लागतो. सेकंदाला साधारण ३४० मीटर. तोफेचा आवाज लीथच्या धक्क्यापर्यंत जायला दहाएक सेकंद लागतात. म्हणजे जो कप्तान नुसत्या आवाजावर घड्याळ लावेल, तो वर सांगितलेल्या साडेचार किलोमीटरच्या चुकीसकट समुद्रात जाईल. यावर एडिंबराच्या लोकांनी एक नकाशा छापला. मध्ये किल्ला, भोवती वर्तुळं, आणि प्रत्येक वर्तुळावर आवाजाला तिथवर पोचायला किती सेकंद लागतात तो आकडा. आपण कुठल्या वर्तुळात आहोत ते पाहायचं आणि तेवढे सेकंद वजा करायचे.

मी त्या दुपारी मनोऱ्यापाशी उभा होतो. गोळा पडला. आसपासच्या दोन-चार लोकांनी "आ" केलं आणि ते निघाले. मी मात्र मोजत राहिलो. एक, दोन, तीन... आणि चौथा आकडा ओठावर असताना धडाम्! सव्वा किलोमीटर भागिले ३४०, म्हणजे साधारण पावणेचार सेकंद. शाळेत पाठ केलेला आवाजाचा वेग मला पहिल्यांदा अंगावर जाणवला तो तिथे. तुमच्याबरोबर मुलं असतील तर एवढ्यासाठी तरी एकला तिथे असा. रविवारी तोफ उडत नाही आणि गोळ्याचं यंत्र कधी दुरुस्तीला असतं, तेव्हा आधी चौकशी करून जा.

वेधशाळेचं काम १८९६ पर्यंत दुसऱ्या टेकडीवर गेलं. शहर वाढलं आणि धुराने तारे दिसेनासे झाले. जुन्या इमारतीत आता कलादालन आहे.

आता काकूंच्या प्रश्नाचं उत्तर. ते बारा खांब म्हणजे नॅशनल मॉन्युमेंट. नेपोलियनविरुद्धच्या युद्धांत मेलेल्या स्कॉटिश सैनिकांचं आणि खलाशांचं स्मारक म्हणून अथेन्सच्या पार्थेनॉनसारखी हुबेहूब इमारत बांधायची ठरली. खर्चाचा अंदाज ४२ हजार पौंड. १८२२ साली पायाभरणी झाली, १८२६ मध्ये बांधकाम सुरू झालं आणि १८२९ मध्ये थांबलं. पैसे संपले. वर्गणी निम्म्यानेही जमली नव्हती. एकेक मोठा दगड वर चढवायला बारा घोडे आणि सत्तर माणसं लागत, असं त्या कामावरच्या प्लेफेअरनेच लिहून ठेवलंय. आपल्याकडे सार्वजनिक कामाची वर्गणी कशी जमते हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यात नवल वाटणार नाही.

लोकांनी त्याला नाव ठेवलं, एडिंबराची शरम. पुढे ते पूर्ण करायच्या योजना अधूनमधून निघाल्या, पण झालं काहीच नाही. मला विचाराल तर बरं झालं. ती इमारत पुरी झाली असती तर टेकडीचा अर्धा माथा भिंतींनी व्यापला असता. आज त्या खांबांच्या चौथऱ्यावर मुलं पाय सोडून बसतात, कुणी डबा उघडतं, कुणी गिटार वाजवतं. मेलेल्या सैनिकांना याचा राग येईल असं मला वाटत नाही.

इथून चहूबाजूंना नजर फिरवा. एकीकडे किल्ला आणि जुनं गाव, खाली सरळ रस्त्यांचं नवं गाव, तिकडे समुद्र, मग आर्थर्स सीट. एवढं सगळं एका चित्रात मावत नाही ना? रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकारालाही हीच अडचण पडली. त्याने या टेकडीवरून दिसणारं एडिंबरा गोलाकार भिंतीवर चितारायची युक्ती काढली आणि १७८७ साली तिचं पेटंट घेतलं. प्रेक्षक मधोमध उभा, चित्र त्याच्या भोवती. याच प्रकाराला पुढे नाव मिळालं पॅनोरमा. मोबाइल हळूहळू फिरवत आपण जो लांबलचक फोटो काढतो, त्याचं घराणं या टेकडीवर सुरू झालं आणि आपण ते तिथेच उभं राहून नकळत काढत असतो. चढताना पायऱ्यांलगत रॉक हाउस लागतं. १८४३ पासून चारेक वर्षं हिल आणि अ‍ॅडमसन या जोडीने तिथे छायाचित्रं काढली. त्या वेळी छायाचित्र उमटायला भरपूर ऊन लागे, म्हणून माणसांना घराबाहेर उघड्यावर बसवत. स्कॉटलंडच्या उन्हावर धंदा उभा करायचा म्हणजे धाडसच.

आता एक जागा, जिच्यापाशी सहसा कुणी थांबत नाही. गवतात दगडांचा एक ढीग रचलाय, वर लोखंडी शेगडीसारखं काहीतरी. १९७९ साली स्कॉटलंडला स्वतःचं विधिमंडळ हवं का, यावर मतदान झालं. हो म्हणणारे जास्त निघाले, पण एकूण मतदारांच्या चाळीस टक्के मतं हवीत अशी अट होती, ती पुरी झाली नाही. टेकडीच्या दक्षिण उतारावर रॉयल हायस्कूलची जुनी भव्य इमारत आहे. तिथे विधिमंडळासाठी सभागृह तयार होतं, ते रिकामंच राहिलं. १० एप्रिल १९९२ ला काही लोक त्या इमारतीच्या फाटकापाशी येऊन बसले. विधिमंडळ मिळेपर्यंत उठायचं नाही. रात्रंदिवस, थंडीपावसात, पाळीपाळीने. १९९७ च्या सप्टेंबरात नवं मतदान होऊन जवळपास तीनचतुर्थांश मतं बाजूने पडली, तोपर्यंत १९८० दिवस झाले होते. तो दगडांचा ढीग त्याची खूण. त्यात एक दगड ऑशविट्झचा आहे, जेन हेनिंग या स्कॉटिश बाईंच्या आठवणीचा. बुडापेस्टमध्ये ज्यू मुलींना सोडून यायला त्यांनी नकार दिला आणि १९४४ साली त्या ऑशविट्झमध्ये मेल्या.

शाळेच्या त्या इमारतीची गोष्ट तिथेच संपली नाही. विधिमंडळ दुसरीकडे, खाली होलीरूडला गेलं. ही इमारत पडून राहिली आणि मग तिचं आलिशान हॉटेल करायचा प्रस्ताव आला. दोन्ही बाजूंना खोल्यांचे मजले चढणार होते. रोजगार येईल, पडकी वास्तू वाचेल, असं एका बाजूचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. इमारत सांभाळायला पैसा लागतोच. दुसरी बाजू म्हणाली, टेकडीचा उतार झाकला जाईल. ओळीने दोन आराखडे फेटाळले गेले आणि २०२० साली स्कॉटिश सरकारने अपीलही फेटाळलं. तिथे संगीताचं केंद्र करायची योजना पुढे आली. तीन शतकांपूर्वी विकत घेतलेल्या टेकडीसाठी अजून असं भांडावं लागतं. इंदूर, हैदराबाद, बेंगळुरू, पुणे, तुम्ही जिथे असाल तिथल्या टेकडीबद्दलचं भांडण तुम्हाला ठाऊक असेलच.

इंदूरचं नाव उगाच घेतलं नाही. टेकडीवरून किल्ल्याकडे पाहिलं की अलीकडे एक टोकदार उंच कळस दिसतो. त्याच्या जवळच आउटलुक टॉवर आहे. १८९२ साली पॅट्रिक गेडीस यांनी तो घेतला. त्यांचं म्हणणं असं, की शहर सुधारायचं तर आधी उंचावर जाऊन ते पूर्ण पाहा, मग गल्ल्यांतून चाला, आणि पाडापाडी सगळ्यात शेवटी. हेच गेडीस पुढे हिंदुस्थानात आले आणि १९१८ साली त्यांनी होळकरांच्या इंदूरचा आराखडा केला. त्यांच्या चरित्रात एक किस्सा येतो. प्लेग पसरला होता आणि नगररचनाकार म्हणजे घरं पाडणारा साहेब, या भीतीने लोक त्यांना टाळत होते. तेव्हा त्यांनी जाहीर केलं, की दिवाळीची मिरवणूक सर्वांत स्वच्छ झालेल्या रस्त्यांवरून निघेल. लोकांनी घरं झाडली, कचरा गाडे भरभरून बाहेर गेला आणि मिरवणुकीत प्लेगचा उंदीरही निघाला. १९१९ साली ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. गो. स. घुर्ये त्यांचे विद्यार्थी.

जाणाऱ्यांसाठी थोडं. वारा कडक असतो, उन्हाळ्यातही जाकीट न्या, छत्रीचा उपयोग नाही, उलटी होते. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात दुपारी पावणेचारलाच अंधारतं. गुडघे दुखत असतील तर पायऱ्यांऐवजी रीजंट रोडकडून वर येणारी गाडीवाट धरा. तीस एप्रिलच्या रात्री इथे बेल्टेनचा अग्नी-उत्सव होतो, त्याचं तिकीट असतं. पाणी आणि थोडं खायला बरोबर ठेवा. आणि खांबांचा चौथरा चांगला उंच आहे. चढून बसणं जमतं, उतरताना मात्र कुणाचा तरी हात मागावा लागतो. मला एका कॉलेजच्या मुलीने दिला.