मोटारीचे अडलेले छत

यंत्र अडले की मनुष्याच्या मनात पहिली प्रेरणा उठते ती बळाची. खिडकी लागत नसेल तर धक्का, झाकण निघत नसेल तर ठोका, आणि कळ दाबून काही घडले नाही तर तीच कळ पुन्हा, अधिक जोराने. मोटारीच्या टपातील सरकत्या काचेच्या बाबतीत ही प्रेरणा फार महाग पडते. लहानथोर सारे आज जिला सनरूफ म्हणतात, ती झडप पुष्कळदा चिमूटभर धुळीने किंवा एखाद्या वाळक्या पानाने अडते. मोडते मात्र ती धूळ न शोधता लावलेल्या जोराने. अडलेली झडप बहुधा घरच्या घरी, एका सकाळीत आणि जवळजवळ फुकट मोकळी होते. मोडलेल्या झडपेसाठी कित्येक गाड्यांत संपूर्ण चौकटच उतरवून नवी बसवावी लागते. या दोहोंतील अंतर कौशल्याचे कमी आणि समजुतीचे अधिक आहे.

सरकत्या छताची हौस तशी जुनी. अमेरिकेतील नॅश कंपनीने १९३७ साली आपल्या गाड्यांना असे छत देऊ केले. ते पत्र्याचे असून हातानेच सरकवावे लागे. पुढे पत्र्याच्या जागी काच आली, हाताच्या जागी वीज आली, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत भारतात ही सोय उंची गाड्यांतून उतरून मध्यम व लहान गाड्यांतही रूढ झाली. थंड देशांत दुर्मिळ उन्हाला आत घेण्यासाठी ज्या खिडकीची आवड वाढली, तिला येथे निराळेच हवामान सोसावे लागते. दिल्ली-जयपूरकडे ऐन उन्हाळ्यातील धुळीची वादळे, नागपूर-इंदूरकडे कडुनिंबाची पानगळ, कोकणात आणि गोव्यात चार महिन्यांचा पाऊस, मुंबईपासून चेन्नईपर्यंतच्या किनाऱ्यावर खारट हवा. बाजूच्या खिडकीवरून धूळ खाली घसरते. टपावरच्या खिडकीत ती साचून राहते. म्हणून या देशात छत अडणे ही अपवादात्मक घटना नव्हे, निगा न राखल्याचा तो स्वाभाविक परिणाम आहे.

झडपेची रचना एकदा डोळ्यांसमोर आणली की बिघाडाची भीती निम्मी होते. काचेच्या दोन्ही बाजूंना, गाडीच्या लांबीच्या दिशेने, ॲल्युमिनियमच्या दोन खोबणी बसवलेल्या असतात. काचेला धरून ठेवणारे पाय या खोबणींतून सरकतात आणि त्यांतील काही भाग प्लॅस्टिकचे असतात. विजेची मोटर काचेला थेट ओढीत नाही. तिच्या दातेरी चाकाला दोन पोलादी तारा भिडलेल्या असतात. या तारांवर स्क्रूसारखे वेटोळे असल्यामुळे चाकाचे दाते त्यांत बसतात. चाक फिरले की एक तार डाव्या पायाला आणि दुसरी उजव्या पायाला सारख्याच वेगाने ढकलते अथवा ओढते. साऱ्या यंत्राचे मर्म या ‘सारख्याच’ शब्दात आहे. एका खोबणीत खडा आला किंवा ग्रीस वाळून चिकट झाले की ती बाजू मागे रेंगाळते, दुसरी पुढे जाऊ पाहते, आणि रुंद कपाटाचा खण एकाच कडीने ओढल्यावर जसा तिरका होऊन अडतो तशी काच अडून बसते. खण तसाच हिसकला तर कडी हातात येते. येथे प्लॅस्टिकचा पाय तुटतो किंवा तारेचे वेटोळे चाकाच्या दात्यांवरून निसटतात.

दुसरी समजूत हवी ती पाण्याविषयीची. काचेभोवतीची रबराची पट्टी पाऊस पूर्णपणे थोपवते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वस्तुतः ती पुष्कळसे पाणी अडवते आणि थोडे आत येणारच, हे गृहीत धरून ही चौकट बांधलेली असते. चौकटीभोवती एक उथळ पन्हळ असते. तिच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या निघतात आणि गाडीच्या खांबांच्या पोकळीतून उतरून पाणी खाली सोडतात. मृग लागण्यापूर्वी कौलारू घराच्या पन्हळीतला पाचोळा काढावयाचा, हे कोकणात मुलांनाही ठाऊक असते. गाडीलाही पन्हळ आहे, हे मात्र गाडीच्या धन्याला पुष्कळदा ठाऊक नसते. जी धूळ आज खोबण अडवते तीच उद्या नळी बुजवते. मग पाणी आतल्या अस्तरात उतरते, पायांखालचा गालिचा कुजू लागतो आणि विजेच्या जोडण्यांवर गंज चढतो. अडलेले छत ही केवळ गैरसोय नसून येणाऱ्या पावसाची सूचना आहे, ती याच कारणाने.

दुरुस्तीचा आरंभ हाताने नव्हे, कानाने करावा. गाडी मोकळ्या हवेत, सपाट जागी, सावलीत उभी करावी. इंजिन चालू ठेवून आतला पंखा आणि रेडिओ बंद करावा, छताची कळ एकदाच दाबावी आणि ऐकावे. अडलेले छत बहुधा तीनपैकी एक उत्तर देते.

पहिले उत्तर मौनाचे. कसलाही आवाज नसेल तर दोष खोबणीत नसून विजेत आहे. छताचा फ्यूज कोणता, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत दिलेले असते. तो जळाला असल्यास तितक्याच अँपिअरचा नवा घालावा. मोठा फ्यूज घालणे किंवा त्या जागी तारेचा तुकडा अडकवणे म्हणजे आगीला आमंत्रण होय. नवा फ्यूजही लगेच जळाला, तर दोष आतल्या तारांत किंवा मोटरीत आहे असे समजून तेथेच थांबावे. बॅटरी उतरली आहे काय, हेही पाहावे. नेहमीची शिशाची बॅटरी पूर्ण भरून काही तास विसावलेली असेल, तर तिचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट भरतो. कळ वारंवार दाबून मोटर तापली असेल तर अनेक गाड्यांत ती काही काळ आपोआप बंद राहते. पंधरा-वीस मिनिटे वाट पाहणे एवढाच तिच्यावरचा उपाय आहे.

दुसरे उत्तर अर्धवट चालीचे. छत हलते, पण मध्येच थांबते किंवा थोडे मिटून पुन्हा उघडते. अनेक गाड्यांत काचेला अडथळा लागताच मोटर उलट फिरावी, अशी सोय केलेली असते. खोबणीतील मळालाही ती अडथळाच समजते. मात्र याला आणखी एक कारण संभवते. छत कोठे आहे, याचा हिशोब पुष्कळ गाड्यांत मोटरीच्या फेऱ्या मोजून ठेवला जातो. बॅटरी काढली किंवा पार उतरली तर हा हिशोब पुसला जातो आणि छत अडखळत चालते. तेव्हा ते पुन्हा शिकवावे लागते. ठरावीक दिशेने कळ काही सेकंद धरून ठेवली की छत एकदा संपूर्ण फेरी करून आपल्या सीमा नव्याने नोंदवते. दिशा आणि वेळ प्रत्येक गाडीत निराळी असल्यामुळे येथे ऐकीव माहितीवर न जाता पुस्तिकाच उघडावी. खोबणी स्वच्छ झाल्यावाचून मात्र हा प्रयोग करू नये. एरवी छत मळालाच सीमा समजून बसेल.

तिसरे उत्तर कुरकुरीचे. मोटर गुणगुणते, आतून टकटक ऐकू येते, पण काच जागची हलत नाही, किंवा एकाच बाजूने हलून तिरकी होते. तार निसटल्याचे वा पाय तुटल्याचे हे लक्षण आहे. अशा वेळी कळेवरचे बोट उचलावे आणि पुन्हा ठेवू नये. हे काम जाणत्या कारागिराचे आहे.

दुसरे उत्तर मिळाले तर सफाईस लागावे. छत जेवढे उघडेल तेवढे उघडून गाडी बंद करावी, म्हणजे कोणाचे बोट चुकून कळेवर पडले तरी काच हलणार नाही. भक्कम स्टुलावर उभे राहून, टपावर भार न देता, आधी दोन्ही खोबणी केवळ निरखाव्यात. त्या बहुतेक परस्परांच्या प्रतिबिंबासारख्या असतात. डावीकडे जे आहे ते उजवीकडे नसेल, तर तेथेच दोषाचा शोध संपण्याचा संभव असतो. खडा, काडी, नाणे, मुलाच्या खेळण्याचा तुकडा असे काहीही तेथे सापडू शकते. तुटक्या प्लॅस्टिकचा कपचा मिळाला तर तो जपून ठेवावा आणि काम थांबवावे, कारण तो झडपेचाच भाग असू शकतो.

मोठा अडथळा नसेल तर जुन्या मऊ टूथब्रशने धूळ सैल करावी आणि बारीक तोंडाच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावी. फुंकर मारून ती आणखी आत लोटू नये. काळे पडलेले ग्रीस सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या सुती फडक्याने थोडे थोडे पुसून काढावे. पेट्रोल किंवा थिनर लावण्याचा मोह टाळावा, कारण त्याने रबर आणि प्लॅस्टिक खराब होते. रबराच्या पट्टीच्या घडीतही वाळू दडलेली असते, तीही पुसावी.

वंगणाच्या बाबतीत घरातील बाटल्या उपयोगी पडत नाहीत. शिवणयंत्राचे तेल पातळ असल्यामुळे ओघळते आणि धूळ धरते, तर खोबरेल तेल कालांतराने खवट व चिकट होते. गंजलेले स्क्रू सोडवण्याचा फवारा तर उरलेले ग्रीसही धुऊन काढतो. खोबणीसाठी उत्पादकाने सांगितलेले ग्रीस घ्यावे आणि त्याचा बोटाच्या टोकावर मावेल इतका पातळ थर द्यावा. रबरासाठी सिलिकोनचे वंगण योग्य. जास्त ग्रीस म्हणजे जास्त धूळ, हे विसरू नये. त्यानंतर छत दोन-तीन वेळा, मध्ये विश्रांती देत, उघडून मिटावे.

आता पन्हळ. पुढच्या एका कोपऱ्यातील छिद्राजवळ कपभर पाणी अगदी हळू ओतावे आणि दुसऱ्या माणसाने त्या बाजूला गाडीखाली पाहावे. थोड्याच वेळात धार दिसली तर नळी मोकळी आहे. पाणी तेथेच थबकले तर मासे धरण्याचा जाड, लवचीक नायलॉनचा दोरा हळुवारपणे आत घालून गाळ सैल करावा. लोखंडी तार घालू नये, ती नळीला भोक पाडते. पंक्चरच्या दुकानातील हवेचा जोराचा झोतही नको. त्याने नळीचा सांधा आतल्या आत सुटला, तर पाणी गाडीखाली न जाता अस्तरामागे जाईल आणि महिनाभर कोणाला कळणारही नाही.

छत उघडे असतानाच अडले आणि आभाळ भरून आले तर काय करावे? काही गाड्यांत मोटरीच्या टोकाला किल्ली लावून ती हाताने फिरवण्याची सोय असते. पुस्तिकेत तसे सांगितले असेल तर तिचा उपयोग करावा. नसेल तर काच ओढण्याच्या भरीस पडू नये. ती ताण देऊन कडक केलेली असते आणि कडेला आघात झाल्यास एका क्षणात तिचे असंख्य तुकडे होतात. टपावर मोठा प्लॅस्टिकचा कागद पसरून त्याच्या कडा दारांतून आत घ्याव्यात व दारे लावावीत. उभ्या गाडीला रात्रीपुरते एवढे संरक्षण पुरते.

घरच्या दुरुस्तीची सीमाही स्पष्ट असावी. टपाचे आतले अस्तर आणि काचेशेजारच्या खांबांवरील आवरणे घरी उचकटू नयेत. अपघातात प्राण वाचवणाऱ्या पडद्यासारख्या एअरबॅगा अनेक गाड्यांत त्यांच्याच मागे दुमडून ठेवलेल्या असतात. छताला पुन्हा शिकवताना, किंवा कळ धरून ते बळाने मिटवताना, उलट फिरण्याची सोय काही गाड्यांत तात्पुरती बंद असते. त्या वेळी मुलांना गाडीपासून दूर ठेवावे. बोट अडकले तर काच थांबेलच, असा भरवसा धरू नये. दुरुस्त झालेल्या छतातून चालत्या गाडीत मुलांना उभे करणे, हा तर त्याहून मोठा धोका. अचानक ब्रेक लागल्यास त्या मुलाला धरून ठेवणारे काहीच नसते.

हे सारे वर्षातून दोनदा केले तरी पुरते. एकदा वैशाखात, पाऊस येण्यापूर्वी, आणि एकदा अश्विनात, पाऊस सरल्यावर. खंडेनवमीला हत्यारांची आणि दसऱ्याला वाहनांची पूजा करण्याची चाल मराठी माणूस जेथे गेला तेथे त्याच्याबरोबर गेली आहे. गाडी धुतली जाते, झेंडूचा हार घातला जातो. त्याच दिवशी छत उघडून दोन्ही खोबणी पुसून घ्याव्यात. आणि दुसऱ्या दिवशी हार उतरवल्यावर, काचेच्या फटीत पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या तेवढ्या न विसरता वेचून काढाव्यात.