कोरीव काचेचं पुणं

पुण्यातल्या नव्या फ्लॅटमधलं देवघराचं दार आठवा. काचेवर दोन बाजूंना घंटा, मधोमध स्वस्तिक किंवा कमळ, आणि सगळं धुरकट पांढरं. आता पेठेतल्या जुन्या देवळाच्या सभामंडपात टांगलेली एखादी हंडी आठवा, पोटावर द्राक्षवेल आणि चांदण्या असलेली. जुन्या हंड्या-झुंबरं बहुतेक एकोणिसाव्या शतकात युरोपातून आली, तर देवघराचं दार गल्लीतल्या काचवाल्याने केलेलं. तरी दोन्हीकडचं काम एकच आहे. काचेचा वरचा पातळ थर जागोजागी काढून टाकायचा.

त्यात रंग कुठेच नसतो. गुळगुळीत काचेतून उजेड आरपार जातो, खरखरीत झालेल्या जागी तो चहूकडे विखुरतो, म्हणून नक्षी पांढरी दिसते. तिच्यावर ओलं बोट फिरवलं की ती क्षणभर पुसट होते, कारण पाणी ते बारीक खड्डे भरून टाकतं.

काच कोरण्याची सगळ्यात जुनी रीत हत्याराची. हिऱ्याच्या टोकाने रेघ ओढायची, किंवा तांब्याच्या फिरत्या चकतीला तेल आणि कुरुंदाची पूड लावून काच झिजवायची. 1600 च्या सुमारास प्रागमध्ये कास्पर लेहमानने चकतीचं काम नावारूपाला आणलं. या कामाची खरी गंमत खोलीत आहे. काचेच्या मागच्या बाजूने जितकं खोल कोरावं तितका तो भाग पुढून पाहताना उठून आल्यासारखा वाटतो. फुलाची पाकळी कुठे उथळ ठेवायची आणि देठाशी किती खोल जायचं हे हातालाच कळावं लागतं. एकदा निघालेली काच परत भरता येत नाही.

दुसरी रीत आम्लाची. तिचा आरंभ सांगताना 1670 च्या सुमाराच्या न्यूरेंबर्गच्या हाइनरिख श्वानहार्टचं नाव घेतलं जातं. हायड्रोफ्लुओरिक आम्लाचा पद्धतशीर अभ्यास मात्र शीले या रसायनशास्त्रज्ञाने 1771 मध्ये केला. काचेवर मेण चढवायचं, सुईने नक्षी ओढून तेवढी काच उघडी करायची आणि वर आम्ल सोडायचं. मेणाखालची काच शाबूत राहते, उघड्या जागची सिलिका विरघळते. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या ब्युरेटवरच्या आणि जुन्या तापमापकांवरच्या रेघा याच युक्तीने उमटत. नुसत्या आम्लाने पडलेला खड्डा बऱ्यापैकी नितळ राहतो. दुधी छटा हवी असेल तर अमोनियमचे फ्लोराइड क्षार मिसळावे लागतात. बाजारात मिळणाऱ्या एचिंग क्रीममध्येही असेच क्षार असतात.

या आम्लाबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. ते काचेच्या बाटलीत ठेवता येत नाही एवढ्यावरून त्याचा स्वभाव कळावा. सौम्य आम्ल कातडीवर पडलं तर कधी कधी काही तास दुखतसुद्धा नाही, पण ते आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं, आणि जखम जिवावर बेतू शकते. जिथे हे काम चालतं तिथे कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम हाताशी हवंच. घरी हौस करायची तर क्रीमच वापरा, तेही हातमोजे आणि चष्मा घालून, खिडकी उघडी ठेवून.

आज काचवाल्यांकडे मुख्यतः तिसरी रीत चालते, वाळूच्या माऱ्याची. 1870 मध्ये अमेरिकेच्या टिलमनने तिचं पेटंट घेतलं. काचेवर फिल्म चिकटवायची, ब्लेडने नक्षी कापून तेवढी सोलायची आणि कॉम्प्रेसरने बारीक कण मारायचे. कौशल्य आहे ते ब्लेडच्या हातात. मराठी अक्षरं कापताना तर कसोटीच लागते. व, ब, क, प यांच्या पोटातला तुकडा सुटा होतो, तो जागच्या जागी बसवावा लागतो. आरशावर मागून काम असेल तर अक्षरं उलटी कापायची. शिरोरेषा किंचित तिरपी गेली तरी दुकानाची पाटी आयुष्यभर तशीच राहते. टफन्ड काच हवी असेल तर कोरीव काम काच टफन करण्याआधीच उरकावं लागतं.

काचेशी पुण्याचं नातं केवळ विकत घेण्याचं नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत उभारलेल्या पैसाफंडातून 1908 मध्ये तळेगाव दाभाडे इथे काचकारखाना निघाला. ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तिथे माणसं शिकवली, आणि तिथून शिकून गेलेल्यांनी देशात इतरत्र कारखाने उभे केले. स्वदेशीच्या त्या जिद्दीतून या भागात काचेचे जाणकार तयार झाले, याचा मला फार अभिमान वाटतो.

म्हणूनच वाडे पाडताना कोरीव काचा भंगारात जातात तेव्हा जीव तुटतो. शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहा. घरातल्या रोजच्या वस्तूही जपण्याजोग्या असतात हे दिनकर केळकरांनी एकट्याच्या हट्टाने दाखवून दिलं. दारं उतरवायच्या आधी मालकाला नुसतं विचारलं तरी एखादी काच वाचते.

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात अशी काच दिसली तर तिच्यावरून नख फिरवा. कडेला नख अडून पापुद्रा उचलला जात असेल तर ती नुसती चिकटवलेली फिल्म. सगळीकडे एकसारखी रवाळ लागली तर वाळूचं काम, रेशमासारखी लागली तर आम्लाचं. नख खाचेत उतरलं आणि खाचेची खोली जागोजागी बदलत असेल, तर ते चकतीचं हातकाम. घरी आणल्यावर पातळ साबणाच्या पाण्याने मऊ ब्रशने धुवा. तेलाचा हात मात्र लावू नका, पांढऱ्या भागात त्याचा डाग धरतो.