फॉर्म भरला, आता चार आठवडे

“आमच्या पोरीने कॉमर्स घेतलंय हो, तिला कुठे जमणार हे डेटा-बिटा?” बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न ठरलेला. विषय असतो आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन बीएसचा. तो 2020 साली जाहीर झाला आणि बिझनेस अ‍ॅनालिटिक्स त्यातच शिकवतात. नावात ‘आयआयटी’ आहे, तिथूनच अर्धे गैरसमज सुरू होतात.

जेईई द्यावी लागत नाही. शाखाही कुणी विचारत नाही. दहावीला गणित आणि इंग्रजी हवं, बारावी पास हवी. वयाची अट नाही. लेकीबरोबर आईने फॉर्म भरला तरी चालतो. बीकॉम सोडायचीही गरज नाही, कारण एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला यूजीसीने 2022 मध्ये मुभा दिली.

महागात पडतो तो उलटा समज : फी भरली, प्रवेश झाला. अर्जाच्या फीमध्ये हाती येतो तो चार आठवड्यांचा अभ्यास. गणित, संख्याशास्त्र, इंग्रजी आणि कम्प्युटेशनल थिंकिंग. दर आठवड्याला असाइनमेंट. त्यांत किमान गुण पडले तरच पात्रता परीक्षेला बसता येतं. कोर्स ऑनलाइन असला तरी परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. खुल्या गटाला एकूण 50 टक्के आणि प्रत्येक विषयात 40 लागतात. जागा मात्र मोजक्या नाहीत, पात्र ठरेल त्याला प्रवेश. कटऑफच्या धास्तीत वाढलेल्या घरांना हे पटवताना माझी खरी दमछाक होते.

कॉमर्सवाल्यांनी संख्याशास्त्राला तरी बिचकू नये. दुकानात चौघांना महिना 15 हजार आणि मॅनेजरला एक लाख मिळत असेल, तर सरासरी पगार निघतो 32 हजार. एवढा पगार तिथे एकालाही नाही. मधला आकडा, म्हणजे मध्यक, 15 हजार. दुकानाची खरी स्थिती तो सांगतो. सुरुवात अशा हिशेबांपासून होते. नुसत्या एक्सेलवर मात्र भागत नाही, पुढे पायथॉन शिकावंच लागतं.

प्रमाणपत्राचा घोळ वेगळाच. पहिले आठ विषय, म्हणजे 32 क्रेडिट, झाले की फाउंडेशनचं प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. ते घेऊन “मी बिझनेस अ‍ॅनालिटिक्स केलं” असं सांगणाऱ्याने तो विषय पाहिलेलाही नसतो. तो येतो नंतर, डेटा सायन्सच्या डिप्लोमात. तिथे बिझनेस डेटा मॅनेजमेंटचा प्रोजेक्टही असतो आणि त्यासाठी खऱ्या धंद्याचे आकडे स्वतः जाऊन आणायचे असतात. कोपऱ्यावरच्या वाण्याला विक्रीची वही दाखवायला राजी करणं हे पात्रता परीक्षेहून सोपं नाही. कॉमर्सच्या पोरीला निदान वहीतलं जमा-नावे तरी कळतं.