समुपदेशकाची मागणी

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत मध्यंतरीं एक नाजूक प्रश्न उपस्थित झाला. वडिलांच्या निधनानंतर घरांतील मुलगी खिन्न राहूं लागली, म्हणून ती कांहीं महिने एका समुपदेशकाकडे जात असे. गुण आला, भेटी थांबल्या. आणि चार महिन्यांनीं त्याच गृहस्थांनीं तिला मागणी घातली. स्थळ सुशिक्षित, निर्व्यसनी, मिळवतें. घरांत आनंदीआनंद झाला. एकट्या आत्याबाई म्हणाल्या, "त्यांना आपल्या पोरीचं सगळं ठाऊक, तिला त्यांचं काय ठाऊक आहे?"

या व्यवसायाचे नियम आत्याबाईंनीं वाचलेले नव्हते. पण त्या नियमांच्या मुळाशीं हीच शंका आहे. उपचारांत रोग्याच्या मनांत वैद्याविषयीं जें प्रेम उपजतें तें त्या परिस्थितीचें फळ होय, वैद्यानें तें स्वतःच्या गुणांकडे घेऊं नये, असें फ्रॉइडनें १९१५ सालींच बजावलें होतें. शेवटची फी दिली म्हणजे तें प्रेम निवळतें काय?

येथें पंडितांचें एकमत नाहीं. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांच्या संघानें उपचार संपल्यावर शारीरिक संबंधास निदान दोन वर्षें मनाई केली आहे. पुढेंहि तो क्वचित् अपवाद म्हणूनच, आणि गैरफायदा घेतला नाहीं हें दाखविण्याची जबाबदारी उपचार करणारावरच. तेथील समुपदेशकांच्या संघानें २००५ सालीं दोनांचीं पांच वर्षें केलीं. मनोविकारतज्ज्ञांनीं तर १९९३ सालीं माजी रोग्याच्या बाबतींतहि कायमची बंदी घातली. दोन, पांच कीं आमरण? आमचें मत तिसऱ्या पक्षास आहे. मन कांहीं पंचांग पाहून बरें होत नाहीं. आणि दुःख पुन्हां उलटलें तर जिथें जावयाचें तो माणूसच नवरा होऊन बसलेला!

याचा अर्थ ओळखच पुसावी असा नव्हे. आपल्याकडे शहर मोठें असलें तरी गोतावळा लहान. मुंजींत गांठ पडावयाचीच. पुष्कळ समुपदेशक अशा वेळीं स्वतः होऊन ओळख दाखवीत नाहींत, समोरच्यानें नमस्कार केला तरच करितात. ही रीत आम्हांस फार शहाणपणाची वाटते.

मुलीनें नकार कळविला. हल्लीं ती दुसऱ्या एका बाईंकडे जाते. तेथें काय बोलणें होतें, हें आत्याबाईसुद्धां विचारीत नाहींत.