फळ्यावरचे नाव

मी महाविद्यालयात अनेक वर्षे सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवले. एकदा तृतीय वर्षाच्या वर्गात ‘बेकर–वेंकटरामन पुनर्रचना’ फळ्यावर लिहीत होतो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘‘सर, वेंकटरामन म्हणजे आपले सी. व्ही. रामनच ना?’’ वर्ग हसला. मीही हसलो आणि ‘‘नाही, हे वेगळे,’’ एवढेच म्हणून पुढे गेलो. खरे सांगायचे तर पुढे सांगण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. दरवर्षी ज्यांचे नाव मी परीक्षेत विचारत होतो, त्यांनी मुंबई-पुण्यात किती मोठे काम केले, हे मला ठाऊक नव्हते. मग मी वाचू लागलो.

कृष्णसामी वेंकटरामन यांचा जन्म १९०१ सालचा, मद्रासचा. मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली संशोधन करून ते परतले आणि लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात शिकवू लागले. १९३३-३४च्या सुमारास तिथे त्यांना आणि इंग्लंडमध्ये विल्सन बेकर यांना, वेगवेगळे काम करताना, एकच अभिक्रिया सापडली. वाड्यातल्या भाडेकरूने शेजारच्या खोलीत बिऱ्हाड हलवावे, तसा आम्लारीच्या सान्निध्यात रेणूतला एक अणुगट ऑक्सिजनवरून उठून जवळच्या कार्बनवर जाऊन बसतो. मग आम्ल घातले की कडे पूर्ण होते आणि फ्लेव्होन तयार होते. फुलापानांतल्या कितीतरी पिवळ्या द्रव्यांचा सांगाडा हाच. झाडात घडणारी वस्तू काचेच्या चंबूत घडवण्याची ही सोपी वाट होती. आजही संशोधक ती वापरतात.

१९३४ मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागात, म्हणजे आपल्या ‘यूडीसीटी’त आले आणि १९३८ मध्ये तिचे पहिले भारतीय संचालक झाले. गिरण्यांच्या या शहरात कापड इथे विणले जाई, पण ते रंगवण्याची रसायने मुख्यतः परदेशातून येत. वेंकटरामन यांनी रंगांचे रसायनशास्त्र हाच आपला विषय केला. ‘द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज’ या ग्रंथाचे पहिले दोन खंड १९५२ मध्ये न्यूयॉर्कहून निघाले. ते त्यांनी स्वतः लिहिले. पुढचे खंड देशोदेशीच्या तज्ज्ञांकडून लिहवून घेऊन संपादित केले. १९७८ पर्यंत आठ खंड झाले. रंगांवर काम करणाऱ्याला ते ओलांडून जाता येत नसे.

१९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. तिथे त्यांच्या गटाने फणसाच्या गाभ्याच्या लाकडातली आणि लाखेतली रंगद्रव्ये वेगळी करून त्यांची रचना शोधली. कोकणात फणसाचा पिवळा पाट कोणी पाहिला नाही? त्या पिवळेपणात फ्लेव्होनच्याच जातीची द्रव्ये आहेत. लाहोरला सुरू झालेली वाट अशी आपल्या माजघरापर्यंत येते.

हल्ली संशोधकाचा प्रभाव मोजताना त्याच्या निबंधांचे संदर्भ मोजतात. पण जे पाठ्यपुस्तकात गेले, त्याचा मूळ निबंध सहसा कोणी उघडत नाही. हिशेबात न येणारे काम बरेच असते. विद्यार्थी तर या हिशेबात येतच नाहीत. यूडीसीटीतले त्यांचे विद्यार्थी बा. द. टिळक १९६६ मध्ये त्यांच्यानंतर पुण्याच्या प्रयोगशाळेचे संचालक झाले. पुण्यातच त्यांच्याकडे पीएच.डी. केलेले ए. व्ही. रामाराव पुढे हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचे संचालक झाले. आणि लाहोरच्या त्या निबंधावर एच. एस. महाल यांचेही नाव आहे. अभिक्रियेच्या नावात मात्र ते राहिले नाही. फळ्यावर दोनच नावे मावतात, काम करणारे हात जास्त असतात.

वेंकटरामन १९८१ मध्ये गेले. पुढच्या वर्षी तोच धडा शिकवताना मी फणसाच्या लाकडाचा तुकडा वर्गात नेला. आधी तो सर्वांच्या हातांतून फिरवला, मग फळ्यावर नाव लिहिले. त्या वर्षी सी. व्ही. रामन यांच्याबद्दल कोणी विचारले नाही. एका मुलीने विचारले, ‘‘सर, महाल यांचे पुढे काय झाले?’’ उत्तर मला आजही माहीत नाही. पण प्रश्न योग्य होता.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)